मानहानीचा दावा लावता येतो, तर मग छापण्याआधीच बंदी का घालता येत नाही?

कारण दाव्यात मजकूर आधी लोकांसमोर येतो आणि खरं-खोटं नंतर पुराव्यावर ठरतं. पूर्वबंदीत तो वाचकांपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे बंदी चुकली होती हे कळणार कुणाला?

१९९४ चा ऑटो शंकर खटला बघा. फाशीची शिक्षा झालेल्या या कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या साटंलोट्याचे उल्लेख होते. तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन' ते छापणार म्हटल्यावर तुरुंग महानिरीक्षकांनी पत्र धाडलं: हे खोटं आहे, छापाल तर कारवाई करू. (खोटं होतं तर एवढी घाई कशाला, हा माझा आगाऊ प्रश्न.) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मानहानी होईल या भीतीपोटी आधीच छपाई रोखण्याचा अधिकार सरकारला किंवा अधिकाऱ्यांना नाही. छापून आल्यावर खुशाल दावा लावा. तोही सरकारी कामाबद्दल असेल, तर नुसतं 'मजकूर खोटा आहे' एवढं पुरत नाही. खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं, हे अधिकाऱ्याने सिद्ध करायचं. खासगी आयुष्यात नाक खुपसलं तर मात्र भरपाई द्यावी लागू शकते.

खरी गोम अंतरिम मनाईत, म्हणजे दावा चालू असताना कोर्टाने घातलेल्या तात्पुरत्या बंदीत आहे. नाव दिवाणी दाव्याचं, पण निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षं तोंड बंद. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या झी कंपनीवरील लेखाविरुद्धची अशी मनाई सर्वोच्च न्यायालयाने उठवली.

आपल्याकडे नाटकाची संहिता मात्र अजून आधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडेच तपासायला जाते!