दोन वर्षांचे वर्गीकृत (जंगल, शेत, पाणी असे भाग पाडलेले) उपग्रह नकाशे एकमेकांतून वजा केले की जंगल किती घटलं ते कळतं का? कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

नाही कळत. क्यूजीआयएस वापरा नाहीतर गूगल अर्थ इंजिन, त्यानं काहीही फरक पडत नाही.

यावरून एका प्रकल्पात माझं वरिष्ठांशी चांगलंच वाजलं होतं. त्यांनी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या दोन प्रतिमा घेतल्या, रँडम फॉरेस्ट नावाच्या अल्गोरिदमनं वर्गीकरण केलं, वजाबाकी केली आणि डोंगरउताराचा मोठा पट्टा लाल रंगवला: जंगल गेलं! अहवालात प्रतिमांच्या तारखाच नव्हत्या. मी त्या फाइलच्या नावांतून काढल्या. पहिली प्रतिमा पावसाळा सरल्यावरची, दुसरी ऐन उन्हाळ्यातली, आणि जंगल पानगळीचं. झाडं जागेवरच होती, पानं तेवढी गळली होती. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परावर्तित करतं. पान गेलं की एनडीव्हीआय, म्हणजे या दोन प्रकाशांवरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक, घसरतो आणि अल्गोरिदम त्याला झुडपी रान ठरवतो.

मग मी त्याच पट्ट्यातल्या पिक्सेलची, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या जुन्या प्रतिमांवरून मालिका काढली. दरवर्षी तीच चढउतार. फक्त एका कडेला आलेख खाली आला तो पुढच्या हिरव्या हंगामातही वर आला नाही. खरी तोड तिथं होती, आणि लाल पट्ट्यात ती कुणाला दिसतच नव्हती. यावर उत्तर मिळालं, "नकाशाची अचूकता ८५ टक्के आहे, पुरे झालं."

पुरे कसं होईल? दोन्ही नकाशे ८५ टक्के अचूक आणि त्यांच्या चुका स्वतंत्र धरल्या, तर दोन्हींत बरोबर असलेला भाग ०.८५ × ०.८५, म्हणजे जेमतेम ७२ टक्के. खरा बदल दोन-तीन टक्के असेल तर तो यातून कसा वेगळा काढणार?

तयार नकाशांनाही हेच लागू. वर्ल्डकव्हर या जगभराच्या भूआच्छादन-नकाशांच्या संचातले २०२० आणि २०२१ चे नकाशे अल्गोरिदमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी बनलेत, ते वजा करू नका. सेंटिनेल-२ च्या आकड्यांत २५ जानेवारी २०२२ पासून १००० चा ऑफसेट, म्हणजे प्रत्येक आकड्यात मिळवलेली ठरावीक भर, आला. तो न काढता जुनी-नवी प्रतिमा ताडली तर न झालेला बदल दिसतो.

लँडसॅटचा संग्रह १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून फुकट आहे, त्यामुळे दोनच प्रतिमांवर भागवायला सबब उरत नाही. अख्खी मालिका बघा. ते जमत नसेल तर निदान एकाच हंगामातल्या प्रतिमा घ्या, ढग आणि ढगांच्या सावल्या काढून टाका. क्षेत्रफळ पिक्सेल मोजून सांगू नका: बदललेल्या आणि न बदललेल्या, दोन्ही भागांत यादृच्छिक बिंदू टाका, ते जास्त स्पष्ट प्रतिमांवर डोळ्यांनी तपासा आणि त्यावरून अंदाज द्या, तो किती चुकू शकतो त्या मर्यादेसह. वरिष्ठ "वेळ नाही" म्हणाले तरी हे सोडू नका. काम तिथंच कच्चं राहतं.

नवं धरण भरलं किंवा मोठी खाण उघडली, एवढंच दाखवायचं असेल तर मात्र दोन प्रतिमा पुरतात. आणि तुमचा भाग बाराही महिने ढगाळ असेल तर सेंटिनेल-१ चं रडार बघा, ते ढगांतून आरपार बघतं.