एचआयव्हीच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात म्हणे, मग औषध न घेतलेलंच बरं का?

तुम्ही विचारलेला प्रश्न वर दिलाय. तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ ४३ वर्षांचा, राहायला कळव्याला. चार वर्षांपूर्वी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण गोळ्या सुरू केल्याच नाहीत. आता दोन महिने कंबर धरलीय आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलंय की या गोळ्या हाडं खातात. मी ठाणे जिल्ह्यात काउन्सेलर म्हणून काम करतो, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न टेबलापलीकडून इतक्यांदा आलाय की जरा सविस्तरच लिहितो.

आधी कंबरेचं बघा, गोळ्यांचा वाद नंतर. हाडं नुसती विरळ झाली म्हणून दुखत नाहीत. ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ, ठिसूळ होण्याचा आजार) मुकाट्याने वाढतो आणि बहुतेक वेळा हाड मोडल्यावरच कळतो. त्यामुळे एचआयव्ही आहे, औषध चालू नाही आणि कंबर दोन महिने दुखतेय असं कुणी सांगितलं की मला कॅल्शियम आठवत नाही, मणक्याचा टीबी आठवतो. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, पँट सैल होणं, पडून राहिलं तरी दुखणं, मणक्यावर एकाच जागी दाबलं की कळ येणं, यातलं काहीही असेल तर बाम आणि पट्टा बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात दाखवा. पायातला जोर कमी झाला किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. एमआरआयमध्ये लवकर दिसतं. आणि दाखवताना एचआयव्हीचं सांगाच. ते लपवलं की डॉक्टर साध्या कंबरदुखीची औषधं देणार, त्यात त्यांचा काय दोष? टीबी निघालाच तर आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, त्यामागून थोड्याच आठवड्यांत.

(दुखणं जांघेत असेल आणि चालताना वाढत असेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय का तेही बघावं लागतं. एचआयव्हीत ते जास्त आढळतं, दारू किंवा स्टेरॉइड असतील तर आणखी.)

आता गोळ्यांचं. ऐकलेलं साफ खोटं नाही. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के उतरते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल असलेल्या गोळीत जरा जास्त, आणि आपल्याकडे सरकारी एआरटी सेंटरवर मिळणाऱ्या टीएलडीत (तीन औषधांची एकच गोळी) तेच असतं. पण त्यानंतर घसरण बहुतांशी थांबते. हे अर्धं वाक्य व्हॉट्सअॅपवर कधीच फिरत नाही.

आणि औषध नसताना हाडं सुखात असतात हा दुसरा गैरसमज. हाड सतत पोखरलं जातं आणि सतत भरलं जातं. एचआयव्ही मोकाट असला की शरीरात कायमची सूज राहते, आणि बिथरलेल्या प्रतिकार पेशी हाड पोखरणाऱ्या पेशींना चेव आणणारी रसायनं सोडत राहतात. घोडबंदर रोडसारखं: खोदणारे हजर, बुजवणारे गायब. त्यात वजन उतरलेलं, भूक मेलेली, तंबाखू, बिडी. २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा एचआयव्ही असलेल्यांत ऑस्टिओपोरोसिसची शक्यता तिपटीहून जास्त निघाली, आणि गोळ्या न घेणारेही त्यातून सुटलेले नव्हते.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. ‘स्टार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकार पेशींचा आकडा) ५०० च्या वर असलेल्यांपैकी अर्ध्यांना लगेच औषध दिलं, अर्ध्यांना थांबायला सांगितलं. लगेच घेणाऱ्यांची हाडं थोडी जास्त विरळ झाली, हे खरं. पण गंभीर आजार आणि मृत्यू त्यांच्यात ५७ टक्क्यांनी कमी होते. २०१५ मध्ये हे निकाल आले आणि २०१७ पासून भारतातही सीडीफोर कितीही असो, रिपोर्ट आला की औषध, असं धोरण झालं. शिवाय सीडीफोर तळाला गेल्यावर सुरू केलं तर हाडांची घसरण आणखी मोठी असते. म्हणजे थांबून भावाने हाडं वाचवलेली नाहीत. जी घट व्हायची ती उशिरा होणार, आणि आधीच खंगलेल्या अंगावर होणार.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सगळ्यांना लागत नाही. पन्नाशी ओलांडलेले पुरुष, पाळी गेलेल्या बायका आणि किरकोळ पडझडीत हाड मोडलेले यांना डॉक्टर सांगतात. भावाचं वजन, तंबाखू, दारू बघून ते ठरवतील. टेनोफोव्हिरवर असताना क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मात्र तपासत राहायचं, कारण या औषधाने किडनीतून फॉस्फेट वाहून गेलं तर त्याचाही फटका हाडांनाच. त्रास दिसला तर डॉक्टर गोळी बदलतात. आपल्या मनाने बंद करायची नाही.

गोळ्या आणायला गेल्यावर सेंटरवर ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल, तर ठाण्याचे लोक ट्रान्स-हार्बर पकडून वाशीला जातात आणि वाशीचे ठाण्याला येतात, हे मी रोज बघतो. सेंटरबाहेर पडण्याआधी बाटलीतल्या गोळ्या साध्या डबीत ओततात, कारण भरल्या लोकलमध्ये बाटली खुळखुळते. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, त्यातले ठरावीक अपवाद सोडले तर, भावाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, नाचणीचं सत्त्व देऊ का. द्या की. नाचणी, तीळ, दही, काट्यासकट खाल्लेली सुकट, सगळं चांगलं. सकाळी सातची लोकल आणि रात्री नऊला घरी, अशा माणसाला ऊन मिळत नाही, म्हणून व्हिटॅमिन डी तपासायला सांगा; ६०,००० युनिटचा डोस किती आठवडे घ्यायचा ते डॉक्टरच ठरवू देत. फक्त टीएलडी सुरू झाल्यावर कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी तिच्यासोबत घेऊ नका, टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध मग नीट शोषलं जात नाही. एकतर दोन्ही जेवणाबरोबर, नाहीतर टीएलडी आधी आणि कॅल्शियम दोन तासांनी.