ठोकळ्यांचा पिनबॉल नुसता दिसायला नको, चालायला हवा

प्रश्न : मी आणि माझ्या मुलीने मिळून लेगोच्या ठोकळ्यांचा, टेबलावर मावेल एवढा पिनबॉल (उतरत्या फळीवर चेंडू टोलवत ठेवायचा खेळ) बांधला आहे. दिसायला तो देखणा झाला आहे. पण चेंडू मध्येच रेंगाळतो आणि थोडा वेळ खेळले की कडेच्या भिंती सुटून येतात. काय सुधारावे?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून असे दिसते की आधी देखावा उभा राहिला आणि खेळ त्यात नंतर बसवला गेला. हा क्रम उलटा हवा. फळी, चेंडू आणि फ्लिपर (चेंडू परत वर टोलवणारी पात) एवढेच आधी जोडून, ते मनासारखे चालू लागेपर्यंत रंगीत मनोऱ्यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेंडू रेंगाळण्यामागे बहुधा उतार आणि पृष्ठभाग ही दोन कारणे असतात. मोठ्या पिनबॉल यंत्रात खेळाची फळी साधारण 6.5 अंशांनी कललेली असते. हाच उतार ठोकळ्यांत मिळवणे सोपे आहे. ठोकळ्याच्या माथ्यावरच्या दोन शेजारच्या खुंट्यांच्या (गोल उंचवट्यांच्या) मध्यांतले अंतर 8 मिमी असते, म्हणजे 32 खुंट्यांची फळी 256 मिमी लांब होते; ठोकळ्याची उंची, वरची खुंटी सोडून, 9.6 मिमी असते. फळीची मागची कड तीन ठोकळ्यांनी, म्हणजे 28.8 मिमीने उचलली की उतार जवळजवळ तेवढाच येतो. तुमचा चेंडू पोकळ किंवा फारच हलका असेल, तर चौथा ठोकळा घालून उतार साडेआठ अंशांच्या आसपास न्यावा.

फळीसाठी मोठी पातळ बेसप्लेट वापरली असेल तर ती आधी बदला. तिच्या खालच्या बाजूला पकड नसल्याने खालून आधार जोडता येत नाही, ती मधोमध किंचित खाली दबते आणि चेंडू नेमका त्याच खोलगट जागी येऊन बसतो. त्याऐवजी साध्या प्लेटांचे (ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीच्या पातळ तुकड्यांचे) दोन थर, एक उभा आणि एक आडवा, असे एकमेकांवर बसवावेत. त्यावर खुंट्या नसलेल्या गुळगुळीत टाइल लावाव्यात आणि लांब टाइल उताराच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे चेंडूला आडवे सांधे कमीत कमी ओलांडावे लागतात.

चेंडूचाही विचार करा. याच ठोकळ्यांसोबत मिळणारा 14 मिमी व्यासाचा प्लास्टिकचा चेंडू अगदी भरीव धरला तरी सुमारे दीड ग्रॅम भरतो, तर तेवढ्याच आकाराची पोलादी गोळी सुमारे 11 ग्रॅमची असते. पोलादी गोळी छान धावते, पण तिचा प्रत्येक आघात भिंतींनाच सोसावा लागतो. म्हणून आधी प्लास्टिकच्या चेंडूवर सगळे जमवावे, पोलादी गोळीचा मोह नंतर पुरवावा. घरात अगदी लहान मूल असेल, तर खेळ संपल्यावर दोन्ही उचलून ठेवायला विसरू नये.

आता भिंती. खुंट्यांची पकड आडवा धक्का चांगला सोसते, पण एका टोकाने उचकटले की ठोकळा सहज सुटतो. चेंडू भिंतीच्या वरच्या भागावर आदळला की नेमके हेच घडते. गवंडी विटांच्या थरांत सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसे प्रत्येक थराचे सांधे सरकवावेत. तेवढ्याने भागले नाही, तर बाजूला भोके असलेले, टेक्निक मालिकेतले ठोकळे वापरून थर उभे जखडता येतात. दोन टेक्निक ठोकळ्यांच्या मध्ये दोन प्लेट ठेवल्या की खालच्या आणि वरच्या भोकांच्या मध्यांत 9.6 अधिक 3.2 अधिक 3.2 म्हणजे बरोबर 16 मिमी अंतर येते. बीमच्या (भोकांची ओळ असलेल्या लांब पट्टीच्या) भोकांतले अंतर 8 मिमी असल्यामुळे एक बीम उभा धरून, मधले एक भोक सोडून, दोन्ही ठोकळ्यांना पिनांनी जोडता येतो. दोन्ही टोकांना असे बीम लावलेली भिंत मुद्दाम ओढल्याशिवाय सुटत नाही. मधल्या प्लेटा विसरल्या तर मात्र भोके जुळणार नाहीत. अनेकांचा हात नेमका इथेच अडतो.

प्रश्न : दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे अशा खेळात मिसळले तर चालतात का? आणि सुटणारे भाग गोंदाने चिकटवावेत का?

उत्तर : फळी, भिंती आणि सजावटीसाठी खुशाल मिसळावेत. या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 रोजी झाला होता आणि त्याची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे त्याच मापाचे ठोकळे इतरांनाही बनवता येतात. मात्र ॲक्सल (ज्याच्याभोवती भाग फिरतात ती काठी), पिन आणि ज्या भोकांत त्या फिरतात ते बीम शक्यतो एकाच बनावटीचे असावेत, कारण मापातला अगदी किरकोळ फरकही तिथे घट्टपणा किंवा खडखड बनून जाणवतो. गोंद मुळीच लावू नये. चिकटवलेला भाग पुन्हा सुधारता येत नाही, आणि असा खेळ पहिल्या फटक्यात नीट जमला असे सहसा होत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या पिनबॉलचा फ्लिपर बटण दाबल्यावर उठतो, पण चेंडू जेमतेम अर्ध्या फळीपर्यंत जातो. कधी कधी फ्लिपर वरच अडकून राहतो. रबर बँड आणखी घट्ट लावू का?

उत्तर : आधी रबर बँड काढून ठेव. तो फ्लिपरला खाली परत आणण्यासाठी असतो. तो जितका घट्ट, तितका तुझ्या बोटाचा जोर त्याला ताणण्यातच खर्च होणार. रबर नसताना फ्लिपर बोटाच्या हलक्या धक्क्याने मोकळा फिरतो का, ते पाहा. फिरत नसेल तर दोष आसात आहे.

फ्लिपरचा उभा ॲक्सल फळीतल्या एकाच भोकात धरला असेल, तर तो फटक्यासरशी तिरका होतो आणि भोकात घासतो. त्याला दोन ठिकाणी आधार दे : एक फळीतच आणि दुसरा तिच्याखाली दोन-तीन ठोकळ्यांच्या अंतरावर. ही दोन्ही भोके गोल हवीत, म्हणजे त्यांत ॲक्सल सुटा फिरेल. फ्लिपरची पात आणि बटणाने ढकलला जाणारा खालचा दांडा यांना मात्र अधिकच्या चिन्हासारखे भोक असलेले भागच लाव, कारण ॲक्सलबरोबर त्यांनी फिरायलाच हवे. पात टाइलवर घासू नये म्हणून तिच्याखाली ॲक्सलवर अर्धा बुश (ॲक्सलवर बसणारे छोटे कडे) सरकव. मात्र ती फार उचलू नकोस : 14 मिमीच्या चेंडूचा मध्य टाइलपासून 7 मिमीवर असतो आणि पातीचा मार तिथेच बसायला हवा. पात त्याहून वर गेली, तर ती चेंडूला पुढे ढकलण्याऐवजी खाली दाबेल.

आता जोराचे गणित. ॲक्सलपासून दोन भोकांवर तू दांडा ढकलतोस आणि पातीचे टोक ॲक्सलपासून सहा भोकांवर आहे, असे समज. मग टोक तुझ्या बोटाच्या तिप्पट वेगाने जाईल, पण तिथला जोर एक तृतीयांश उरेल. चेंडू हलका असल्यामुळे तुला जोरापेक्षा वेग जास्त हवा. तुझा दांडा लांब असेल तर तो आखूड करून बघ; बटण दाबायला थोडे जड जाईल, पण चेंडू वर पोचेल. हे करताना बटणापासून दांड्यापर्यंतच्या जोडांकडेही लक्ष दे. बटण दाबल्यावर मधला एखादा ठोकळा वाकताना दिसला, तर तुझी अर्धी मेहनत तिथेच मुरते आहे.

फ्लिपर वर अडकतो, कारण त्याला थांबवणारे काही नसावे. वर आणि खाली दोन्हीकडे अडसर हवा, आणि तो पातीच्या टोकापाशी ठेवण्यापेक्षा फळीखाली, दांड्यापाशी ठेवला तर दिसतही नाही आणि चेंडूच्या वाटेतही येत नाही. अडसराला नुसता ठोकळा लावलास तर तो आपटून आपटून सैल होईल. तो बीममध्ये पिनेने बसव. हे सगळे झाले की रबर बँड परत लाव आणि फ्लिपर हळू का होईना, पण पूर्ण खाली येईल इतकाच तो ताण.

प्रश्न : पाटी दोन दिशांना कलवून गोळी भोके चुकवत न्यायची, असा चक्रव्यूह मी बांधत आहे. बाजूची मूठ फिरवली की पाटी लगेच हलत नाही, आधी मूठ थोडी रिकामी फिरते. शिवाय 16 आणि 24 दात्यांची चक्रे एकमेकांत बसतच नाहीत.

उत्तर : असा चक्रव्यूह लेगोने स्वतः 2016 मध्ये आयडियाज मालिकेत संच म्हणून काढला होता, तेव्हा ठोकळ्यांत तो नीट चालतो यात शंका नको.

चक्रांचे कोडे मापाचे आहे. दात्यांची संख्या निम्मी केली की चक्राची त्रिज्या मिलिमीटरमध्ये मिळते : 8 दात्यांची 4, 16 ची 8, 24 ची 12 आणि 40 ची 20. तुमच्या दोन चक्रांची बेरीज 20 मिमी, म्हणजे अडीच भोके होते. त्यामुळे एकाच बीमच्या ओळीत ती नीट जुळणार नाहीत. 8 आणि 24 घेतली तर 16 मिमी, म्हणजे बरोबर दोन भोके. शिवाय लहान चक्र मुठीला आणि मोठे पाटीला लावले की मुठीच्या तीन फेऱ्यांना पाटीच्या आसाची एक फेरी होते, आणि कल अगदी सावकाश देता येतो.

मूठ रिकामी फिरते ती दात्यांमधल्या फटीमुळे. ही फट पूर्णपणे काढता येत नाही, पण लपवता येते. पाटीच्या एका बाजूला हलका रबर बँड लावून तिला सतत एकाच दिशेने ओढत ठेवले, तर दाते नेहमी एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि मूठ वळवताच पाटी हलते. दोन दिशांसाठी दोन आस असतात, तेव्हा असा बँड दोन्हींना लागेल. पाटीचा तोलही तपासा : ज्या आसावर ती कलते, त्याच्या वर भिंतींचे वजन जास्त असेल तर ती एका बाजूला लवंडू पाहते आणि बँडशी भांडत राहते. तसे असेल तर पाटीच्या खाली मधोमध दोन-चार जड ठोकळे जोडून वजन आसाच्या किंचित खाली आणा.