'नेपथ्य' म्हणजे पडद्यामागची जागा की सेट?

बी.ए.ला मराठी घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. 'शाकुंतला'त कंसात 'नेपथ्ये' असं येतं, त्याचा अर्थ वर्गात 'पडद्यामागून' असा सांगितला. नाटकाच्या जाहिरातीत मात्र 'नेपथ्य' म्हणजे सेट. मग खरा अर्थ कोणता? आणि 'प्रवेश' व 'प्रवेशक' एकच का?

दोन्ही अर्थ खरे आहेत. मराठीने शब्द चुकीचा वापरला असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

'शाकुंतला'चीच सुरुवात पाहा. नांदी झाल्यावर सूत्रधार आत बघून नटीला हाक मारतो : 'आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्.' बाई, सजणं आटोपलं असेल तर इकडे या. इथे नेपथ्य म्हणजे वेश, साजशृंगार. हा साज जिथे चढवायचा ती रंगमंचामागची खोलीही नेपथ्यच, आणि त्या खोलीतून आलेला आवाज म्हणून सूचना 'नेपथ्ये'. त्या खोलीला आज आपण रंगपट म्हणतो. 'नेपथ्ये' या सूचनेच्या जागी जुन्या मराठी नाटकांत 'पडद्यांत' असं छापलेलं दिसेल. आता 'आतून' किंवा 'विंगेतून' लिहितात.

मग सेट कुठून आला? याचं उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रातच आहे, आणि मला ते फार आवडतं. आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेश, रंग, वस्तू यांतून साधलेल्या अभिनयाच्या, अध्यायात भरत नेपथ्याचे चार प्रकार सांगतो : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. अलंकार म्हणजे दागिने, फुलं, वस्त्रं. अंगरचना म्हणजे अंगाला-चेहऱ्याला रंग लावणं. सजीव म्हणजे रंगमंचावर प्राणी आणणं. आणि पुस्त म्हणजे डोंगर, रथ, विमानं, ढाली, ध्वज अशा वस्तू चटया, कापड, कातडं यांपासून तयार करणं.

आता कुठल्याही मराठी नाटकाची श्रेयनामावली डोळ्यांपुढे आणा. वेशभूषा एकाची, रंगभूषा दुसऱ्याची, नेपथ्य तिसऱ्याचं. अलंकार गेला वेशभूषेकडे, अंगरचना रंगभूषेकडे, आणि मागे राहिलेल्या पुस्ताने घराण्याचं मूळ नाव ठेवलं. मोठ्या वाड्याच्या वाटण्या झाल्यावर एकाच भावाच्या दारावर जुनी पाटी राहावी, तसं. त्यामुळे प्रदीप मुळ्ये यांना आपण नेपथ्यकार म्हणतो तेव्हा भरताला धरूनच बोलतो.

मराठी रंगभूमीवर या कामाला वजन आलं तेही हळूहळू. संगीत नाटकांच्या काळात महाल, बाग, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे असत. एक गुंडाळला, दुसरा सोडला की स्थळ बदललं. 1933 साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं आणि पडद्यांच्या जागी भिंती-दारं असलेली खरीखुरी वाटणारी खोली उभी राहिली. अशी खोली आखणाऱ्या माणसाला स्वतंत्र नाव हवंच होतं.

तेव्हा परीक्षेत संस्कृत नाटकावर लिहिताना 'नेपथ्ये : पडद्यामागून' लिही, मराठी प्रयोगावर लिहिताना नेपथ्य म्हणजे दृश्यरचना. एकाच उत्तरात दोन्ही येणार असतील तर पहिल्या ठिकाणी एका वाक्यात फरक सांगून टाक.

आता प्रवेश. संस्कृत नाटकाचे फक्त अंक मोजतात. 'शाकुंतल' सात अंकी. 'अंक पहिला, प्रवेश तिसरा' ही मोजणी आपण इंग्रजी नाटकं वाचून घेतली, शब्द मात्र घरचा, संस्कृत नाटकातल्या 'ततः प्रविशति' (मग प्रवेश करतो) या सूचनेतला. त्यामुळेच मराठीत 'नायकाचा प्रवेश' म्हटलं की तो रंगमंचावर येणं आणि त्याचा सीन, असे दोन्ही अर्थ निघतात, संदर्भावरून ठरवायचं.

प्रवेशक निराळा. दोन अंकांच्या मधे, खालच्या दर्जाच्या पात्रांच्या तोंडून, मधल्या काळात काय घडलं ते सांगणारा छोटा दुवा म्हणजे प्रवेशक. म्हणून पहिल्या अंकाआधी तो येऊच शकत नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाआधी राजाची अंगठी सापडलेल्या कोळ्याला शिपाई बांधून आणतात ना, तो प्रवेशक.