जीनचा रिपोर्ट आला, आता बोललेलं कळेल का?

या वेळी कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात त्या ऐकण्याच्या यंत्राबद्दल, बरीच पत्रं आली, बहुतेक नाशिक जिल्ह्यातलीच. सगळी छापणं शक्य नाही, चार निवडलीत. उत्तरं आपल्या स्पीच थेरपिस्ट ताईंची.

प्रश्न : मुलगी १६ महिन्यांची आहे. बेरा टेस्टमध्ये (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती) दोन्ही कान प्रोफाउंड निघाले, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, मग रक्ताची जीन टेस्ट केली त्यात जीजेबी२ नावाचा जीन आलाय, दोन्ही कॉप्या खराब. मी आणि मिस्टर आते-मामे भावंडं, त्यावरून घरात रोज काहीतरी निघतंच. सासूबाई म्हणतात ग्रहणात विळीला हात लावलास म्हणून झालं. डॉक्टर म्हणतात इम्प्लांटने आवाज येईल, पण बोललेलं कळेल का? आणि पुढचं मूल? – एक आई, निफाड

उत्तर : ताई, विळीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही, ते आजच डोक्यातून काढा. हा रिसेसिव्ह प्रकार आहे, म्हणजे एक खराब कॉपी तुमच्याकडून आली आणि एक मिस्टरांकडून, आणि एकच कॉपी खराब असलेल्या माणसाला छान ऐकू येतं त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ताच लागत नाही. आणि सासूबाई तुमच्या सख्ख्या आत्याच असतील ना, मग बहुतेक तुमच्या वडिलांकडे आणि त्यांच्याकडे ती एकाच घरातून आलीय, हे त्यांना प्रेमाने सांगून बघा :) पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के, दरवेळी नव्याने. एकदा झालं म्हणून कोटा संपला असं नसतं. त्याआधी जेनेटिक काउन्सेलरला भेटाच.

आता मुद्द्याचं. जन्मजात बहिरेपणाचे जे जीन सापडतात त्यात इम्प्लांटच्या दृष्टीने जीजेबी२ हे नाव आलं की मला हायसं वाटतं. या जीनपासून कनेक्सिन २६ नावाचं प्रोटीन बनतं, ते कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, आधार देणाऱ्या पेशींमध्ये असतं आणि पोटॅशियम एका पेशीतून दुसरीत जायला वाट करून देतं. ते नसलं की केसपेशींचं, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींचं, काम बंद पडतं, पण मागची ऐकण्याची नस सहसा चांगली राहते, आणि इम्प्लांट काय करतं तर केसपेशींना वगळून थेट त्या नसेलाच करंट देतं. बिघाड जिथे आहे ती जागाच ओलांडली जाते. म्हणून या मुलांचे बोलणं समजण्याचे रिझल्ट एकूणात चांगले येतात. सगळ्या जीन्सचं असं नाही हं, टीएमपीआरएसएस३ सारखा जीन नसेच्या पेशींमध्येही काम करतो आणि तिथे रिझल्ट कुणाचे उत्तम, कुणाचे बेताचे असे मिळतात.

पण जीन एवढं सांगतो की नस तयार आहे. पुढचं मेंदूने शिकायचं असतं, आणि मेंदूला त्यासाठी वय लागतं. साडेतीन वर्षांच्या आत आवाज पोचायला लागला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग बऱ्यापैकी वेळेवर वाढतो, सात वर्षांनंतर ते फार अवघड जातं. एकच जीन असलेली दोन मुलं, एकाचं दीड वर्षाला इम्प्लांट आणि दुसऱ्याचं सहाव्या वर्षी, त्यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. तुमची १६ महिन्यांची आहे, वेळ चांगली आहे, फक्त ‘बघू दिवाळीनंतर’ करू नका.

आणि कळणं म्हणजे नेमकं काय तेही सांगते. आपल्या कानात मेंदूला आवाज पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० असतात, इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२. एवढ्यावर सुद्धा मुलं शांत खोलीत पूर्ण वाक्यं फक्त ऐकून समजतात, मला अजूनही त्याचं नवल वाटतं. स्वर, शब्दाची लांबी, प आणि ब मधला फरक, हे तसं लवकर जमतं. स आणि श, जे साध्या हिअरिंग एडमधून पार गळून जातात, ते इम्प्लांटमधून चांगले येतात. अवघड जातं ते जीभ कुठे टेकली यावरचं. त-ट, न-ण, ल-ळ. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ यात मूल बरेच दिवस गोंधळतं, त्याला हट्टी म्हणू नका, सिग्नलच तिथे पुसट असतो. वाक्यात शब्द आला की संदर्भाने जमतं. गोंगाटात बोलणं समजणं आणि गाण्याची चाल ओळखणं या दोन गोष्टी मोठेपणीही कठीण राहू शकतात.

पैशांचं : खासगीत लाखांमध्ये खर्च जातो, पण दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत लहान मुलांचं इम्प्लांट होतं, जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांसाठी वय १ ते ५, आणि त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमलाही कागद दाखवा, बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. ऑपरेशनआधी एमआरआय आणि न्युमोकोकलची लस सोडू नका. आणि ज्यांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये जीन सापडलाच नाही त्यांनी मुलाचा ईसीजी मागून घ्या, एका दुर्मिळ आजारात बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचाही दोष असतो आणि तो भूल देण्याआधी कळलेला बरा.

प्रश्न : नातवाचं मशीन चालू करून तीन महिने झाले, अजून ‘आई’ सुद्धा म्हणत नाही. वय अडीच. गावातले म्हणतात पैसे पाण्यात गेले. आम्ही घरात अहिराणी बोलतो, थेरपीवाल्या बाई मराठी बोलतात, त्याने घोटाळा होतोय का? – आजोबा, सटाणा

उत्तर : आजोबा, त्याचं वय अडीच असलं तरी कानाचं वय तीन महिने आहे. तीन महिन्यांचं बाळ बोलत नाही म्हणून कुणी गावभर चर्चा करतं का? आत्ता बघायचं ते हे की हाक मारली की थांबतो का, कुकरच्या शिट्टीला वळतो का, आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज मागून काढले तर काही दाखवतो का. हे रोज सकाळी मशीन लावल्या लावल्या करा, दोन मिनिटांचं काम आहे, एखादा आवाज अचानक बंद झाला तर मॅपिंगला, म्हणजे मशीनची सेटिंग करून घ्यायला, जायची वेळ झाली असं समजा. मशीन जागेपणी पूर्ण वेळ हवं, पाहुणे आले म्हणून काढून ठेवायचं नाही.

अहिराणी बिनधास्त बोला. घरातल्यांना जी भाषा भरभरून येते तीच मुलाला मिळायला हवी, तुम्ही ओढूनताणून प्रमाण मराठी बोलायला गेलात तर चार वाक्यांत थांबाल. मराठी मागून येईल. टीव्ही मात्र बंद, तो दिवसभर चालू असलेल्या घरात मी कितीही थेरपी दिली तरी काही उपयोग होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. फक्त ‘हे काय, ते काय’ अशी परीक्षा घेत बसू नका, कांद्याच्या चाळीवर न्या, काय करताय ते बोलत राहा.

प्रश्न : मुलगा ११ महिन्यांचा. जन्मानंतर ओएई या कानाच्या तपासणीत पास होता म्हणून आम्ही निश्चिंत, आता बेरामध्ये काहीच नाही. जीन ओटोफर्लिन आलाय. नेटवर वाचलं जीन थेरपीने बरं होतं. थांबावं का? – नाशिकरोड

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. २०२४ मध्ये शांघायच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामात सहापैकी पाच मुलांचं ऐकणं सुधारलं होतं, फिलाडेल्फियालाही एका मुलावर झालं. पण ही थेरपी या एकाच जीनसाठी आहे, बाकीच्यांनी हुरळून जाऊ नये. ओटोफर्लिनमध्ये बाहेरच्या केसपेशी ठीक असतात म्हणून ओएई पास होतं, अडतं ते आतल्या केसपेशीकडून नसेला निरोप देताना, आणि नस चांगली असल्याने इम्प्लांटचा रिझल्टही चांगला येतो. म्हणून माझं मत, थेरपी कधी मिळेल या आशेवर बोलायला शिकायची दोन वर्षं घालवू नका. एका कानाचं इम्प्लांट आणि दुसऱ्याचं पुढे काय, हा प्रश्न सर्जनसमोर ठेवा.

प्रश्न : इम्प्लांट झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात) उडी मारायचीय. आणि गणपतीतला ढोल चालेल का? – जुनं नाशिक

उत्तर : पाण्याने आतल्या भागाला काही होत नाही, बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे कानावर लावतो ते मशीन, काढला की झालं. पण रहाडीत लोक एकमेकांच्या अंगावर पडतात आणि डोक्याला त्या जागी मार बसणं हीच खरी भीती, तेव्हा उडीला माझा नकार, काठावर भिजू दे. मशीन काढलं की त्याला काहीच ऐकू येत नाही, म्हणून मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. ढोलाचं काही नाही, मोठा आवाज प्रोसेसर स्वतःच दाबतो. फक्त मिरवणुकीत त्याला लांबून हाका मारू नका, बोललेलं कळणार नाही, जाऊन खांद्याला हात लावा, आणि जास्तीच्या बॅटऱ्या खिशात असू द्या.