वाचकांचे प्रश्न : बर्फाखालचे विमान किती मूळ?

प्रश्न : ग्रीनलंडच्या बर्फाखाली सापडलेल्या अमेरिकी लढाऊ विमानाने पुन्हा उड्डाण केल्याचे वाचनात आले. पन्नास वर्षे बर्फात म्हणजे जणू शीतपेटीतच राहिलेले विमान बऱ्या स्थितीत असणार. मग त्याच्या दुरुस्तीला दहा वर्षे का लागावीत? आमच्याकडे अख्ख्या विमानाचे ओव्हरहॉल त्याहून कितीतरी कमी वेळात होत असे.
– ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक वाचक

उत्तर : आपण म्हणता ते विमान म्हणजे ‘ग्लेशियर गर्ल’ या नावाने ओळखले जाणारे लॉकहीड पी-३८ लाइटनिंग. १५ जुलै १९४२ रोजी ब्रिटनकडे निघालेली सहा पी-३८ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमाने खराब हवामानामुळे मागे वळली आणि इंधन संपत आल्याने ग्रीनलंडच्या हिमपठारावर उतरली. पहिले पी-३८ चाके बाहेर काढून उतरले आणि उलटले; ते पाहून बाकीच्यांनी चाके पोटात ठेवूनच विमाने बर्फावर घसरवली. सर्व पंचवीस माणसे वाचली, विमाने मात्र तिथेच राहिली.

शीतपेटीची उपमा अर्धीच खरी आहे. थंडीने गंज रोखला हे खरे, पण शीतपेटीत वस्तूवर ओझे नसते. दरवर्षी पडणारा बर्फ साठत आणि दबत गेला, आणि १९८८ मध्ये शोधकांनी रडार व वाफेच्या सळईच्या साहाय्याने विमाने हुडकली तेव्हा ती २६८ फूट, म्हणजे सुमारे ८२ मीटर खोल होती. (पंचवीस मजल्यांच्या इमारतीखाली असे म्हटले तरी चालेल.) ढोबळ हिशेब केला तरी दर चौरस मीटरवर पन्नास टनांहून अधिक भार येतो. १९९० मध्ये शोधक प्रथम एका बी-१७ पर्यंत पोहोचले, तेव्हा ते चिरडलेलेच निघाले. पी-३८ आकाराने लहान आणि बांध्याने दणकट असल्याने तुलनेने बरे टिकले. तरी सांगाड्यात पीळ आणि पत्र्यात चेप होतेच.

ते वर आणले ते १९९२ मध्ये. शंकूवर तांब्याची नळी गुंडाळून तीतून गरम पाणी फिरवायचे आणि बर्फ वितळवत चार फूट व्यासाचा उभा बोगदा खाली न्यायचा, अशी ती युक्ती. तळाशी गरम पाण्याच्या झोतांनी विमानाभोवती गुहा कोरली गेली, तिथेच त्याचे भाग सुटे करण्यात आले आणि एकेक भाग साखळदोराने वर ओढला गेला. मधला मोठा भाग त्या बोगद्यातून निघणार नव्हता, म्हणून बोगदाच रुंद करावा लागला.

आता आपला मूळ प्रश्न. ओव्हरहॉलमध्ये विमानाची रेखाचित्रे, सुटे भाग आणि मापांची मर्यादा हे सारे हाताशी असते. भाग नापास झाला की गोदामातून नवा मागवायचा. येथे गोदामच नव्हते. केंटकी राज्यातील मिडल्सबरो येथे काम सुरू झाले तेव्हा हरेक तुकड्याला तीन प्रश्न विचारावे लागत होते : हा सरळ करता येईल का, दुसऱ्या जुन्या पी-३८ चा मिळेल का, की याचाच नमुना धरून नवा घडवावा लागेल? आपण रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळी) काढले असतीलच. जुना रिव्हेट काढताना ड्रिल जरा तिरके गेले की पत्र्यातले भोक लंबगोल होते, मग मोठ्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो, आणि कडेपासूनचे अंतर अपुरे पडले तर तो पत्राच बाद. शिवाय, पत्रा डोळ्यांना सरळ दिसला म्हणजे पंखातला भार पेलणारा स्पार (मुख्य तुळई) निर्दोष आहे असे होत नाही. आतल्या बारीक तडा शोधाव्याच लागतात. रबरी नळ्या आणि विजेच्या तारा यांच्याबाबत तर वादच नाही, त्या बदलायच्याच.

माझ्या मते खरी वेळ खाल्ली ती एका निर्णयाने, विमान संग्रहालयात ठेवण्याऐवजी उडवायचे या निर्णयाने. संग्रहालयासाठी असते तर बर्फाने चेपलेला पत्रा तसाच ठेवला असता आणि तोच सर्वांत बोलका पुरावा ठरला असता. उडणाऱ्या विमानात त्याला जागा नाही. २६ ऑक्टोबर २००२ रोजी ते आकाशात झेपावले, त्याचे कौतुक मलाही आहे. पण त्यासाठी पुराव्याचा किती भाग भंगारात गेला याची रुखरुखही आहे. २००७ मध्ये १९४२ चा अपुरा प्रवास पूर्ण करण्यासाठी ते ब्रिटनकडे निघाले, आणि इंजिनाच्या बिघाडामुळे कॅनडातील गूस बे येथेच थांबले.

प्रश्न : आपल्या हवाई दलाच्या डकोटा या जुन्या वाहतूक विमानाचे नाव ‘परशुराम’ असल्याचे कळल्यावर आम्हा चिपळूणकरांना विशेष आनंद झाला. श्रीनगरला १९४७ मध्ये पहिल्यांदा उतरले ते हेच विमान का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. आजचे ‘परशुराम’ वेगळे आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते आयर्लंडमधील भंगारातून घेतले, ब्रिटनमध्ये पुन्हा उभे केले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारण्यात आली. एप्रिल २०१८ मध्ये कोव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत ते जामनगरला आले आणि ४ मे रोजी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ते समारंभपूर्वक दाखल करून घेण्यात आले. व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला जुन्या विमानाच्या स्मरणार्थ दिलेला आहे. तेव्हा शेपटीवरचा आकडा वाचून तेच विमान समजू नये. विमानाची खरी ओळख कारखान्याने ठोकलेल्या पट्टीवरच्या क्रमांकात आणि नोंदवहीत असते.