रेशनचं मशीन आणि ६६६

प्रश्न : आमच्या सासूबाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. गेले दोन महिने मोबाईलवर कुणाची तरी प्रवचनं बघतायत आणि आता म्हणतात शेवटचा काळ आला, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन म्हणजे श्वापदाची खूण, ६६६. परवा तासभर लाईनीत थांबल्या आणि नंबर आल्यावर हात पदराखाली घेऊन रिकामी पिशवी घेऊन परत. न्यायाच्या दिवशी माझं काय होणार म्हणून रात्री रडतात. माझं माहेर हिंदू, मला यातलं फार कळत नाही, काय सांगू त्यांना? – एक सून, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी एक, त्यांना हसू नका, कारण हे त्यांनी मनचं काढलेलं नाही. बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या १३व्या अध्यायात खरंच आहे की उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही, आता हात, मशीन आणि तांदूळ एका जागी आल्यावर म्हातारं माणूस घाबरणारच की. पण तिथंच पुढं बघा, ती खूण घेणारे कोण, तर श्वापदाला, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या त्या सत्तेला, भजणारे. रेशनवाला कुणाला भजायला सांगतोय?

६६६ हा त्याच अध्यायात दिलेला श्वापदाचा आकडा. त्याचं म्हणाल तर हे पुस्तक पहिल्या शतकातलं, आजच्या तुर्कस्तानातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं, रोमन सत्तेखाली भरडलेली माणसं ती. तेव्हा अक्षरांनाच आकड्याची किंमत असायची, रोमन बादशहा नीरो कैसर याचं नाव हिब्रूत लिहून बेरीज केली की ६६६ येते, म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडं बोट दाखवतात. काही जुन्या हस्तलिखितांत तर ६१६ आहे!

जगाच्या शेवटाच्या तारखा सांगणारे पण काय आजचे नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या माणसांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, काहींनी उभं पीक काढलंच नाही. तिथल्याच रेडिओवर प्रवचन देणाऱ्या हॅरॉल्ड कॅम्पिंगनी २१ मे २०११ सांगितली, २२ मे आपला उजाडलाच. येशू स्वतः म्हणतो तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही (बायबलातलं मत्तयाचं पुस्तक, २४:३६), मग या मोबाईलवाल्याला कुठून कळली?

आता न्याय. शेतात मेंढरं बसवायला येतो तो धनगर बघितलाय ना, त्याच्या कळपात दुधाला चार शेरडं पण असतात आणि दिवसभर सगळी एकत्रच चरतात. मत्तय २५ मध्ये तेच चित्र आहे, मेंढपाळ शेरडांतून मेंढरं वेगळी करतो तशी प्रभू माणसं वेगळी करतो, मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं. आणि बघितलं काय जातं, तर भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा, आजाऱ्याकडं, तुरुंगातल्याकडं गेलात का. तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं की कामांनी यावर वेगवेगळ्या चर्चमध्ये जुना वाद आहे, तो आत्ता राहू दे. मला यातलं आवडतं ते हे की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत असं प्रभू म्हणतो तेव्हा उजवीकडच्यांना स्वतःलाच पत्ता नसतो, उलट विचारतात, प्रभू, तू भुकेला होतास तो आम्ही कधी बघितला?

हा अध्याय त्यांच्याच मराठी बायबलातून त्यांना मोठ्यानं वाचायला लावा आणि शेजारी बसा. २०१९ च्या पुरात त्यांनी कुणाला भाकऱ्या थापून दिल्या असतील तर तेवढी आठवण काढा. आणि या महिन्याचं रेशन तुमच्या अंगठ्यावर आणा, कार्डावर नाव असलं आणि आधार जोडलेलं असलं की चालतं.